पायाळू सून

धान कापायला सुरुवात झाली, की दोन दिवसांत पंचफुलाबाईची कंबर रुसायची. धानाच्या बांधीत वाकली की ताठ होता यायचं नाही, आणि कशीबशी ताठ झाली की पुन्हा वाकता यायचं नाही. मग ती हातातला विळा बांधीच्या कडेच्या धुऱ्यावर टाकायची, तिथंच पालथी पडायची आणि सुनेला हाक मारायची, “तृप्ती, ये वो माय. पाय लाव जरासा.”

तृप्ती पायाळू होती. आईच्या पोटातून येताना तिचं डोकं नाही, पाय आधी आले होते. अशा माणसाचा पाय लागला की पाठीची उसण निघून जाते, असं त्या मुलखात सगळेच मानतात. तृप्ती चिखलाचा पाय गवताला पुसायची आणि सासूच्या कमरेवर हलकेच टेकवायची. पंचफुलाबाई डोळे मिटून “हां… तिथीच… हां” करत पडून राहायची. घरी लकव्यानं खाटेला खिळलेले केशवराव या प्रकाराला हसायचे. त्यांचं तोंड एका बाजूनं वाकडं झालं होतं, पण हसणं शाबूत होतं. “माह्या बापानं सारे देव वैनगंगेत टाकले,” ते जड जिभेनं म्हणायचे, “अन् तू सुनेच्या पायापाशी नवीन देऊळ बांधून रायली.” पंचफुलाबाई रोज सकाळी बुद्धवंदना म्हणायची आणि दुपारी सुनेचा पाय लावून घ्यायची. तिच्या मनात या दोन गोष्टींचं कधी भांडण झालं नव्हतं.

चुकलं ते एवढंच, की तिला या पायाचं फार कौतुक होतं. आणि कौतुक पोटात ठेवणारी बाई ती नव्हती.

मोहबोडी गाव उठून काही वर्षं झाली होती. गोसीखुर्द धरणाचं पाणी चढत चढत तिन्ही बाजूंनी आलं, रस्ता बुडाला आणि सगळं गाव पलीकडच्या माळावर, पुनर्वसनातल्या सिमेंटच्या खोल्यांत राहायला गेलं. जुनं गाव टेकाडावर होतं तिथंच राहिलं. उताराच्या काही बांध्या अजून कोरड्या होत्या. सरकारदरबारी त्या केव्हाच धरणाच्या झाल्या होत्या, पण पाणी येईपर्यंत पीक कोणाचं, तर पेरणाऱ्याचं. म्हणून पंचफुलाबाईच्या, म्हणजे खोब्रागड्यांच्या घरची मंडळी रोज डोंग्यातून पाणी ओलांडायची, दिवसभर कापायची आणि उजेड आहे तोवर परतायची. उजेड गेल्यावर त्या टेकाडावर कोणी थांबत नसे. का थांबत नाही, हे कोणी बोलत नसे.

गाव कसलं, नुसत्या भिंती. छपरांचे कवेलू उतरवून नेले होते, दारं-चौकटी उपटून नेल्या होत्या, कवेलूंखालचे लाकडी फाटे नेले होते. विहारातली मूर्ती वाजतगाजत पलीकडे गेली, निळ्या झेंड्याचा खांब तेवढा मागे राहिला. एकेका घरात चूल दिसायची, जात्याची तळी दिसायची, भिंतीवर कोण्या पोरीनं काढलेली रांगोळीची ठिपकी दिसायची, आणि वर आभाळ. माणसं गेली पण कुत्री गेली नाहीत. डोंग्यात घातली तरी उड्या मारून परत पोहत गेली. पहिल्या वर्षी ती रडायची. मग भुंकायची. आता भुंकतही नव्हती. कामाला आलेल्या माणसांकडे भिंतीआडून नुसती बघत बसायची. भुंकणारं कुत्रं परवडतं. न भुंकणाऱ्या कुत्र्याकडे पाठ करून धान कापायचं म्हणजे मानेवर सारखं काहीतरी चालल्यासारखं वाटतं.

त्यात रानडुकरं. मोकळ्या घरांत त्यांनी संसार थाटले होते. एका रात्रीत बांधी लोळवून ठेवायची. म्हणून पंचफुलाबाई सोबत नवऱ्याची बंदूक आणायची, पोत्यात गुंडाळून. एकनळी बाराबोर. केशवराव फौजेतून सुटून आल्यावर पवनीच्या एका बँकेच्या दारात ती घेऊन उभे राहायचे. सारी नोकरी उभं राहण्यात गेली, बंदूक एकदाही वाजली नाही. लकवा झाल्यावर ती साफ करायचं काम बायकोकडे आलं. खाटेवरून ते सांगायचे, तशी ती नळी मोडायची, तेलाचा बोळा फिरवायची, काडतूस घालून काढून दाखवायची. परवाना नवऱ्याच्या नावावर, बंदूक बायकोच्या खांद्यावर. हे बेकायदा आहे हे तिला ठाऊक होतं आणि गावाला गंमत वाटत होती. “जय भीम, फौजदारीनबाई!” असं लोक तिला डोंग्यावर चिडवायचे. तीही ऐटीत मान हलवायची.

इश्वर आला तो लाकडासाठी. पडक्या घरांतले सागाचे खांब, उंबरठे काढून विकायचा त्याचा धंदा. कुठला म्हणाल तर नीट कोणालाच सांगता येत नव्हतं. गोरटेला, गोड बोलणारा, बोटात तांब्याच्या अंगठ्या. त्याला हाताखाली माणूस हवा होता आणि पंचफुलाबाईचा मुलगा अंकुश रिकामाच होता. मोबदल्याच्या पैशातून घेतलेल्या मोटारसायकलवर बसून पवनीचा रस्ता झिजवणं, एवढंच त्याचं काम. धान कापणं त्याला कमीपणाचं वाटायचं. इश्वरानं त्याला “अंकुशभाऊ” म्हटलं आणि गडी विरघळला.

एके दिवशी खांब उपटताना इश्वराच्या पाठीत चमक भरली. वाकडा वाकडा चालत तो धुऱ्याशी आला. पंचफुलाबाईला राहवतंय थोडंच!

“अरे बापू, असा कायले मरून रायला?” ती म्हणाली. “माही सून पायाळू आहे. झोप पालथा. तृप्ती, लाव वो पाय.”

तृप्ती लाजली. परक्या माणसाच्या पाठीला पाय कसा लावायचा? पण सासूनं दटावलं तेव्हा तिनं अंगठ्याचं टोक लावलं न लावलं केलं. इश्वर उठून बसला. पाठ चोळली नाही, काही नाही. तो तृप्तीच्या पायांकडे बघत होता. चिखलात भरलेल्या, भेगाळलेल्या पायांकडे एखाद्यानं इतकं बघावं असं त्यांत काही नव्हतं.

“खरीच पायाळू आहे का, मावशी?”

“खरी म्हंजे? तिच्या मायनं सांगतलं मले लग्नात. पायच आले पयले.”

“पहिलटकरीण मायची?”

“हाव. पयलीच लेक.”

“लेकरूबाळ नाही अजून?”

“होईन ना बापू, कायची घाई आहे.”

तो हसला आणि निघून गेला. आता चालताना तो वाकडा नव्हता. पंचफुलाबाईनं सुनेकडे पाहून भुवया उडवल्या, “पाह्य, कसा पयाला!” तृप्तीनं ओंजळीनं पाणी घेऊन तो अंगठा धुतला, आणि सासू पाहत नाही असं वाटून परत एकदा धुतला.

त्यानंतर अंकुश बदलला. बोलायचा कमी आणि वागायचा चांगला. हे चांगलं वागणंच पंचफुलाबाईला खटकायला लागलं. बायकोला कधी पाणी न विचारणारा गडी तिच्यासाठी पवनीहून हिरवी साडी घेऊन आला. जेवताना तिच्या ताटात स्वतः भात वाढला. तृप्ती बिचारी खुलली. नवऱ्यानं एवढं केलं की बाईला जग जिंकल्यासारखं होतं, आणि तिच्या वाट्याला तर आजवर एवढंही आलं नव्हतं.

दुपारच्या वेळी टेकाडावरून आवाज यायला लागला. ठप्… ठप्… ठप्… जमिनीत काहीतरी घातल्याचा आवाज. पाण्यावरून तो घुमून यायचा, त्यामुळे कोणत्या बाजूनं येतो ते कळायचं नाही. तो सुरू झाला की भिंतींआडची कुत्री उठून आत निघून जायची.

“काय खोदून रायला रे तुमी?” पंचफुलाबाईनं एकदा संध्याकाळी डोंग्यात विचारलं.

“खांब काहाडून रायलो, माय.”

“खांब तं सारे गेले. आता कुठचा खांब?”

अंकुश वल्हं मारत राहिला. मग म्हणाला, “माय, आपल्या घराखाली काही असन का वो?”

“असन ना. उंदरं असन.”

ती हसली. तो हसला नाही.

तो दिवस उजाडला तोच धुक्यात. कधी नव्हे ते धुकं दुपारपर्यंत उठलंच नाही. पाणी, बांधी, टेकाड सगळं पांढऱ्या कालवणात बुडालेलं. हातातला धानाचा मूठभर झुबका दिसायचा आणि पुढची ओळ दिसायची नाही. सासू-सुना एकमेकींना आवाज देत कापत होत्या. तृप्तीनं त्या दिवशी कामावर नवी हिरवी साडी नेसली होती. नवऱ्यानं हट्टच धरला होता म्हणे. चिखलात नवी साडी, म्हणून पंचफुलाबाईनं सकाळीच दोन शब्द ऐकवले होते.

जेवणाच्या सुमाराला अंकुश थर्मासात चहा घेऊन आला आणि आल्या आल्या म्हणाला, “माय, खालच्या बांधीत डुकरं शिरले. मी आवाज आयकला.”

पंचफुलाबाई कंबर विसरली. पोत्यातून बंदूक काढली, घरात होती तेवढी दोन्ही काडतुसं घेतली, एक नळीत घातलं, एक कमरेला खोचलं आणि धुऱ्याधुऱ्यानं धावत सुटली. अंकुशच्या हिशेबात बंदूक डुकरांसाठी होती आणि माय ती मायच होती. दोन्ही मिळून दुसरं काही होऊ शकेल, असं त्याच्या मनात आलं नसावं.

खालच्या बांधीत डुक्कर नव्हतं. खुराची खूण नव्हती. धान ओल्या लोंब्या खाली घालून जसंच्या तसं उभं होतं. पंचफुलाबाई धापा टाकत कान देऊन उभी राहिली. रोज या वेळेला येणारा ठप् ठप् आवाज आज नव्हता. तो आवाज नसणं तिला आवाजापेक्षा वाईट वाटलं.

ती परत आली तर तृप्तीही नव्हती. कापलेल्या कडप्यांवर तिचा विळा पडला होता. शिदोरी सोडलेली, भात तसाच. चहाचा पेला अर्धा होता. तिनं उचलून वास घेतला. चहाच्या खाली कसलातरी कडवट, हिरवट वास होता. धोत्र्याच्या बोंडासारखा.

“तृप्तीऽऽ! अंकुशाऽऽ!”

धुक्यानं हाक गिळून टाकली.

मग तिला कुत्री दिसली. एकेक, दोन-दोन, धुक्यातून येत होती आणि तिच्याजवळून टेकाडाकडे जात होती. तिच्याकडे बघतही नव्हती. पाय न वाजवता, माना खाली घालून. पंचफुलाबाई त्यांच्या मागून निघाली. दुसरी कुठली वाट आहे असं तिला वाटलंच नाही.

गल्ल्या तिच्या पायांना पाठ होत्या. हे मालनबाईचं घर, हा चिंधूचा गोठा. पाणी चढून भिंतींची बुडं काळी पडली होती आणि हात लागला की माती लोण्यासारखी सुटत होती. कुत्री एका घराभोवती जाऊन बसली. गोल. सगळ्यांची तोंडं आत. ते घर पंचफुलाबाईचं स्वतःचं होतं.

आतून कोणी पुटपुटत होतं. मंत्र म्हणावा तर शब्द नव्हते, नुसतं घशातलं घुरघुरणं. ती दाराच्या मोकळ्या जागेत उभी राहिली.

चुलीची जागा खोदलेली होती. त्याच कोपऱ्यात अंकुश जन्मला होता. खड्ड्याच्या काठावर पाटावर तृप्ती बसली होती. पाय धुतलेले, त्यांवर कुंकू. डोळ्यांत बचकभर काजळ, आणि डोळे उघडे असून कुठंच बघत नव्हते. मान एकीकडे कलली होती. तिच्या मागं एक जटाधारी म्हातारा बसला होता, घुरघुर त्याचीच. समोर लिंबं, नारळ, शेंदूर आणि लांब पात्याचा सुरा. इश्वर उभा होता. अंकुश भिंतीला पाठ लावून उभा होता.

“या मावशी,” इश्वर जराही न दचकता म्हणाला. “पूजा होऊन रायली. पायाळूच्या डोळ्यात अंजन घातलं की जमिनीखालचं दिसते. तुमच्याच घरचं धन, तुमालेच भेटन.”

“माह्या घरचं धन?” पंचफुलाबाईचा आवाज तिला स्वतःला परका वाटला. “माही सासू मेली तं तिच्या अंगावर टाकाले धड लुगडं नव्हतं या घरी. शेजारून मांगून आनलं. इथी कोनं धन पुरलं रे?”

“तुमाले माहीत नसन. लय जुनं आहे. सात हंडे…”

ती ऐकत नव्हती. ती खड्डा बघत होती. हंड्यासाठी खड्डा गोल खोदतात. हा लांबट होता. तिनं आयुष्यात असे खड्डे पाहिले होते, नदीकाठी, आपल्या दोन लेकरांसाठी. तिची नजर लिंबांवरून नारळावर गेली, नारळावरून सुऱ्यावर आली आणि तिथं अडली.

“बकरं कुठी आहे?” तिनं विचारलं.

म्हाताऱ्याची घुरघुर थांबली.

“सुरा आहे तं बकरं कुठी आहे? अंकुशा, तुले इचारून रायली मी.”

“येऊन रायलं, माय,” अंकुश म्हणाला. “आनतो म्हनलं यायनं.”

“कुठून? डोंगे दोनच, अन् दोन्ही काठाले बांधले आहेत.”

अंकुशनं इश्वराकडे बघायला हवं होतं. ‘बकरं कुठंय’ असं त्यालाच विचारायला हवं होतं. त्यानं मान खाली घातली. आणि मान खाली घातली तशी त्याच्या शर्टाच्या खिशातून बाहेर लोंबणारी काळ्या मण्यांची पोत पंचफुलाबाईला दिसली. तिनं तृप्तीच्या गळ्याकडे पाहिलं. गळा उघडा होता. दोन सोन्याचे मणी होते त्या पोतीत, लग्नात पंचफुलाबाईनंच घातलेले. पूजेला बसवायचं तर बायकोच्या गळ्यातली पोत कोणी काढत नाही. ती मातीत जाऊ नये म्हणूनच नवऱ्यानं काढून ठेवली होती.

सगळं कळून चुकलं. माणसाला इतकं एकदम कळू नये.

तिनं बंदूक खांद्याला लावली.

“पोरीले इकडे आना.”

“मावशी,” इश्वर हसत म्हणाला, “ते बंदूक साऱ्या पवनीनं पाह्यली. बँकेच्या दारात उभी राहून राहून म्हातारी झाली ते. वाजते का कधी?”

म्हाताऱ्याचा हात सुऱ्याकडे सरकला. पंचफुलाबाईनं घोडा ओढला.

टक्.

नुसतं टक्. वर्षानुवर्षं ट्रंकेत सर्द झालेलं काडतूस. इश्वर मोठ्यानं हसला आणि खड्ड्याच्या कडेनं तिच्याकडे यायला निघाला, सावकाश, पळून गेलेली कोंबडी धरायला जावं तसा. पंचफुलाबाईनं नळी मोडली. फुगलेलं काडतूस निघेना. तिनं नख घातलं, नख उपटलं, रक्तानं बोट बुळबुळीत झालं. इश्वराचा पाय खड्ड्याच्या ओल्या मातीवरून सटकला, तो एका गुडघ्यावर आला आणि शिवी हासडून पुन्हा उठला. काडतूस निघालं. कमरेचं दुसरं तिनं आत घातलं, नळी मिटवली. खाटेवरून नवऱ्यानं शिकवलेलं सगळं हात आपोआप करत होते. इश्वराचा हात नळीला लागणार तेवढ्यात तिनं नळी खाली केली आणि घोडा ओढला.

आवाज असा झाला की तिला काही क्षण कानात शीळच ऐकू येत होती. इश्वर मांडी धरून पडला होता, तोंड उघडं होतं, पण ओरडणं तिला ऐकू येत नव्हतं. हादऱ्यानं मागची ओली भिंत वाकली आणि गुपचूप आडवी झाली. खड्डा अर्धा बुजला. म्हातारा सुरा टाकून भिंतीवरून उड्या मारत धुक्यात गेला. कुत्री हलली नाहीत. ती फक्त बाजूला झाली आणि त्याला वाट दिली.

अंकुश तिथंच होता. भिंत पडली तेव्हा मातीचं एक ढेकूळ तृप्तीच्या पायाशी येऊन फुटलं, ती पाटावरून कलंडली, तरी तो बायकोकडे धावला नाही. तो खिशावर हात ठेवून उभा होता.

“उचल त्याले,” पंचफुलाबाई म्हणाली. “डोंग्यात घाल. वल्हं तू मार.”

तिनं तृप्तीच्या नव्या साडीचा पदर फाडून इश्वराची मांडी बांधली. माणूस कसाही असो, रक्त वाहताना बघवत नाही. मग सुनेला काखेत धरून, फरफटत, काठापर्यंत आणलं.

तसा डोंगा त्या पाण्यानं कधी पाहिला नसेल. एका टोकाला इश्वर कण्हत पडला होता. दुसऱ्या टोकाला अंकुश वल्हं मारत होता. मधे पंचफुलाबाई, मांडीवर सुनेचं डोकं आणि त्या डोक्यावरून नळी पोराकडे रोखलेली. नळीत काही नव्हतं, हे तिला माहीत होतं. अंकुशला ते माहीत होतं की नाही, हे तिला माहीत नव्हतं. काठ दिसत नव्हता, टेकाड दिसत नव्हतं. गावाच्या पाण्यात बुडालेल्या खालच्या आळीवरून ते चालले होते. मधेच वल्ह्याला एखाद्या घराची भिंत लागायची आणि खरवडल्याचा आवाज डोंग्याच्या बुडातून वर यायचा, जसं खाली कोणीतरी दार लावून घेतंय. काजळानं माखलेल्या डोळ्यांनी तृप्ती वर बघत होती. मधेच ती स्पष्ट आवाजात म्हणाली, “आई, त्यायनं मले म्हनलं, दुखनार नाही.”

“कोनं म्हनलं वो?”

तृप्तीनं हात उचलून वल्ह्याच्या दिशेनं दाखवलं आणि हात पुन्हा पडला.

वल्हं थांबलं. डोंगा आपोआप थोडा वळला आणि धुक्यात स्थिर झाला.

“माय,” अंकुश म्हणाला. “सांगू नको, माय. इश्वरावर अन् त्या बुढ्यावर जाऊ दे सारं. मी तुह्यासंगच आलो म्हनजो, तुले मदत कराले. बाबाले कोन उचलन? हागायले-मुतायले कोन नेईन? तुही कंबर तं अशी. मी एकलाच आहे ना तुमाले.”

ते खरं होतं. दोन पुरल्यानंतर राहिलेला तो एकटाच होता. केशवरावांना खाटेवरून उचलून बसवणं तिच्यानं होत नव्हतं. रोज सकाळी ते अंकुशच करायचा, कुरकुरत का होईना, करायचा. ती त्याच्याकडे बघत राहिली. तेच नाक, तोच कानामागचा तीळ. तिला त्याची भीती वाटली, आणि इतकी मायाही आली की नळी खाली ठेवावी आणि त्याचं ओलं डोकं पदरानं पुसावं असं झालं.

“वल्हं मार,” ती म्हणाली.

संध्याकाळच्या आत इश्वर दवाखान्यात गेला. तृप्तीला डॉक्टरांनी ओकवलं, इंजेक्शन दिलं. शुद्धीवर आली तरी ती एक शब्द बोलली नाही, पण सासूच्या मागून ठाण्यात आली आणि बाकावर तिला चिकटून बसली. तिच्या बोटांनी पंचफुलाबाईच्या लुगड्याचा काठ धरून ठेवला होता. अंकुश दुसऱ्या बाजूला बसला. कोणीतरी त्यालाही पाणी दिलं होतं, पाठीवर हात फिरवला होता. दारात पुनर्वसनातली माणसं जमली होती आणि ‘फौजदारीनबाईनं गोळी घातली’ हे ज्याच्या त्याच्या तोंडी होतं.

ठाणेदार तरुण होता आणि खूश होता. त्याच्यासमोर टेबलावर बंदूक ठेवली होती.

“मावशी, परवाना नवऱ्याच्या नावावर, गोळी तुम्ही झाडली. कागदोपत्री मला हे घ्यावंच लागेल,” तो म्हणाला. “पण घाबरू नका. एका बाईचा जीव वाचवलाय तुम्ही. कोर्ट ते बघेल. म्हाताराही सापडेल, कुठं जाणार! तुमच्या मुलानं डोंगा आणला, जखमीला उचललं, तेही मी लिहितो. बरोबर ना रे?”

“हाव साहेब,” अंकुश म्हणाला. “मी मायसंगच गेलतो.”

पंचफुलाबाईच्या लुगड्याचा काठ धरलेली बोटं सुटली. तृप्तीनं हात मागं घेतला आणि स्वतःच्या मांडीवर ठेवला. ती रडली नाही, तिनं सासूकडे पाहिलंही नाही. आता काय होणार हे ठाऊक असलेल्या माणसासारखी ती समोरच्या भिंतीकडे बघत बसली. खड्ड्याच्या काठावर ती अशीच बसली होती.

पंचफुलाबाईला खाटेवरचे केशवराव दिसले. त्यांची ओली पथारी दिसली. एकट्या बाईनं तो देह कुशीवर वळवायचा म्हणजे काय, ते तिच्या कमरेला आधीच कळलं.

“तर दोघं होते,” ठाणेदारानं पेन उघडलं. “इश्वर आणि तो म्हातारा. दोघंच ना?”

“तीन,” पंचफुलाबाई म्हणाली.

ठाणेदारानं कागदावरून वर पाहिलं.

“तिसऱ्याला ओळखता?”

“अंकुश केशवराव खोब्रागडे,” तिनं सांगितलं, शाळेत नाव घालताना गुरुजींना सांगितलं होतं तसं, एकेक शब्द सुटा करून. “माहा पोरगा आहे. खिसा पाहा त्याचा साहेब, सुनेची पोत आहे त्यात.”